उपयोगी माणूस की प्रिय बंधू?

स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरू आईवडिलांना बाळाचे नाव विचारतात. आपण मोठ्या हौसेने एखाद्या संताचे नाव सांगतो. पण एका संताचे नाव असे आहे की, त्याचा अर्थ कळल्यावर आपण अंतर्मुख होतो.

ते नाव म्हणजे ओनेसिमोस. मराठी बायबलमध्ये ते 'अनेसिम' असे येते. या जुन्या ग्रीक नावाचा अर्थ 'उपयोगी', 'फायद्याचा'. इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या आरंभी अथेन्समध्ये मातीच्या प्याल्यांवर सुंदर चित्रे काढणारा एक नामवंत चित्रकार याच नावाचा होता. पुढे रोमन काळात गुलामांना हे नाव सर्रास दिले जाई. मालकाला दासाकडून जे हवे, तेच त्याचे नाव!

बायबलमधला अनेसिम फिलेमोनचा दास होता. मालकापासून दुरावलेल्या या दासाची तुरुंगात असलेल्या संत पौलाशी गाठ पडली आणि तो ख्रिस्ती झाला. पौलाने त्याला एक पत्र देऊन मालकाकडे परत पाठवले. अवघ्या २५ ओव्यांचे हे पत्र! त्यात पौल नावावर गोड कोटी करतो: पूर्वी हा तुला निरुपयोगी होता, आता तुला व मलाही उपयोगी झाला आहे.

पण पौल तेथेच थांबत नाही. याला आता दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून स्वीकार, असे तो सांगतो. याचे काही देणे असेल तर ते मी फेडीन, असेही स्वतःच्या हाताने लिहून देतो. कोणाला भाऊ म्हणायचे तर खिशाला झळ सोसावी लागते, हे पौल जाणून होता.

आज आपल्यात गुलाम नाहीत. पण 'गरज सरो, वैद्य मरो' ही वृत्ती गेली आहे का? अंथरुणाला खिळलेले आजोबा, नोकरी गेलेला भाऊ, मतिमंद मूल, थकलेली मोलकरीण यांच्याविषयी 'आता यांचा काय उपयोग?' हा प्रश्न आपल्याही मनात डोकावतो. दुसऱ्याच्या कामी यावे, हे चांगलेच. परंतु काम करण्याची शक्ती गेली म्हणून माणसाचे मोल जात नाही.

फिलेमोनने पुढे काय केले, हे पत्रात लिहिलेले नाही. ते उत्तर आपण आपापल्या घरी द्यायचे आहे.