भिंतीवरचा कोळी

नाताळपूर्वीची साफसफाई चालू असताना माझ्या खोलीतील पुस्तकांच्या कपाटामागून तळहाताएवढा चपटा कोळी भिंतीवर धावत आला. क्षणाचाही विचार न करता मी चप्पल उचलली. तो मेल्यावर ध्यानात आले की, ती मादी होती. पोटाखाली तिने अंड्यांची पांढरी, चपटी पिशवी घट्ट धरून ठेवली होती. मदतीला आलेला मुलगा हळूच म्हणाला, “फादर, तिने काय केलं होतं?” मला उत्तर देता आले नाही.

या जातीचा कोळी भक्ष्यासाठी जाळे विणत नाही. रात्री फिरून झुरळे पकडतो. त्याच्या विषाने माणसाच्या जिवाला धोका नसतो. मला वाटली होती ती केवळ किळस.

प्राण्यांशी क्रौर्याने वागणारा मनुष्य पुढे माणसांशीही तसाच वागू लागतो, असे संत थॉमस अक्वायनस यांनी प्रतिपादन केले. परंतु एवढेच कारण मानले, तर दया ही आपल्याच मनाची मशागत ठरते. त्या मुक्या जिवाचे आपण काही देणे लागतो, हे त्यात येत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ याही पुढे जातो. प्राण्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही आणि त्यांना ममतेने वागवणे हे आपले कर्तव्य आहे, अशी त्याची शिकवण आहे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रत्येक जिवाला स्वतःचे मोल असल्याचे सांगितले.

याचा अर्थ बाळाच्या पाळण्यावर कोळी राहू द्यावा, असा नव्हे. ओसाड जळमटे अवश्य काढावीत. कोळ्यावर मात्र पेला उपडा घालावा, खालून जाड कागद सरकवावा आणि त्याला बाहेर न्यावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात भर दुपारी तापलेल्या फरशीवर सोडणे ही काही सुटका नव्हे. सायंकाळी झाडाच्या बुंध्याशी किंवा अडगळीच्या खोलीत सोडावे. छताच्या कोपऱ्यात उलटे लटकणारे लांब पायांचे कोळी घरातच वाढलेले असतात. बाहेर ते तग धरतीलच असे नाही. डास-माश्या खाणाऱ्या त्या जिवांना तेथेच राहू द्यावे. मागावर पोट भरलेल्या आपल्या या शहराला एका विणकराचा शेजार जड वाटू नये.

चप्पल हाताशीच असते; पेला आणण्यास स्वयंपाकघरात जावे लागते. तेवढ्या वाटेत किळस ओसरते आणि त्या मुलाचा प्रश्न आठवतो.