जहाजाचे पाय

खिदिरपूरची गोदी १८९२ साली सुरू झाली. त्या परिसरातील एखाद्या मुलाला चित्र काढावयास सांगितले, तर ते बहुधा जहाज काढील. मनात आले तर त्याला चार पायही काढील. हे पाय शिक्षकाने पुसावेत काय?

तेथून घोडदौडीचे मैदान ओलांडले की ॲकॅडमी ऑफ फाइन आर्ट्सची वास्तू लागते. तिच्यात चित्रदालने व नाट्यगृह दोन्ही आहेत. अशा ठिकाणी मुलांचे शिबिर भरविताना हा प्रश्न टळत नाही. समारोपास पालक येणार, म्हणून चित्रावरून मोठ्यांचा हात फिरतो. नाटकात अडखळणाऱ्या मुलाला झाड करून उभे केले जाते. भिंत सजते, टाळ्या पडतात. पण त्यांत मुलाचे असे फारसे काही उरत नाही.

कुंचला कसा धरावा, दुसऱ्याचे वाक्य संपेपर्यंत कसे थांबावे, हे शिकविलेच पाहिजे. परंतु साधन शिकविणे वेगळे आणि दृष्टी दुरुस्त करणे वेगळे. रवींद्रनाथांच्या ‘पूरबी’च्या १९२४ मधील हस्तलिखितात खोडलेल्या ओळींतूनच आकृती उमटल्या, १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. साठी उलटलेल्या कवीला जी मोकळीक, ती सहा वर्षांच्या मुलाला का नसावी?

आम्हां बदलीच्या नोकरदारांचे प्रत्येक वर्ष मूल्यमापन अहवालात मोजले जाते. ती सवय आम्ही नकळत घरी आणतो आणि मुलाच्या कागदावरही शेरा मारतो. निदान तो कागद तरी शेऱ्यावाचून राहू द्यावा. जहाज पायांनी चालू लागले, तर कोणाचे काय बिघडते?