गळती कुणाच्या नावावर?

गाडी विकायला काढली आणि त्याच आठवड्यात तिच्याखाली गंजकट पाण्याचा डाग दिसला. मेकॅनिककाकांनी टॉर्च मारून दाखवलं: इंजिन ब्लॉकच्या कुशीत एक गोल पत्र्याची वाटी आणि तिच्या कडेने ओघळ. कोर प्लग.

ब्लॉक वाळूच्या साच्यात ओततात. आत पाणी फिरायला वाटा राहाव्यात म्हणून वाळूचाच गाभा ठेवतात. तो धरून ठेवायला आणि नंतर वाळू काढायला भोकं लागतात. ती या पातळ वाट्यांनी बुजवतात. मी वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलं. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, नळाच्या पाण्यात नसतात. प्लग आतून गंजत जातो. बाहेर थेंब दिसतो तोवर पत्रा संपत आलेला असतो.

"वरून एपॉक्सी लावू. गिऱ्हाईक बघून जाईपर्यंत कोरडं राहील," काका म्हणाले.

दुसरा मार्ग म्हणजे पाणी काढायचं, प्लगच्या एका कडेवर ठोकून तो आडवा करायचा, पकडीने ओढायचा, भोकाची कड घासून नवा सरळ बसवायचा. प्लग स्वस्त असतो. पण त्याच वयाचा, त्याच पाण्यात भिजलेला आणखी एक प्लग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे दडलेला होता. त्यासाठी गिअरबॉक्सच उतरवावा लागणार होता.

एपॉक्सी लावणं मुळात वाईट नाही. रात्री घाटात अडकलेला माणूस तेवढ्यावर घरी पोचला, तर ती हुशारीच. पण तो स्वतःसाठी वेळ मिळवतो. एपॉक्सी कधी निघेल हे मला माहीत नव्हतं, पण ती निघेल तेव्हा गाडी दुसऱ्याची असावी, हे मी ठरवत होतो.

"त्याने विचारलंच नाही, तर मी खोटं कुठे बोललो?" हा युक्तिवाद मीही करून पाहिला. जुनी गाडी घेणाऱ्याने बघून घ्यावी, हे खरंच. पण जे दिसलं असतं तेच मी पुसणार होतो. पुसलेलं इंजिन गप्प नसतं. "सगळं ठीक आहे" असं ते माझ्या वतीने सांगतं.

बाहेरचे प्लग बदलून घेतले. आतल्याबद्दल घेणाऱ्याला सांगितलं. त्याने किंमत पाडली, गिअरबॉक्सच्या मजुरीपेक्षा जास्तच. ते मला लागलं, अजून लागतं. खरं बोलल्याचं बक्षीस मिळतं, असं मी म्हणणार नाही.

पण नळाचं पाणी मी भरलं होतं. बिल माझ्याच नावावर निघालं.