बरें झाल्यावर पुढें काय?

(लेवीय, अध्याय १४)

मोशेच्या नियमशास्त्रांतील कुष्ठरोग्याविषयींच्या विधीकडे आपलें लक्ष फारसें जात नाहीं. त्यांत एक ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. हा विधि आजाऱ्यासाठीं नव्हे, तर बऱ्या झालेल्यासाठीं आहे. याजकानें पाहिलें, रोग गेल्याची खात्री झाली, तरी तो मनुष्य लागलाच घरांत शिरत नसे. तो छावणींत येई, परंतु सात दिवस आपल्या डेऱ्याबाहेर राही. आठव्या दिवशीं अर्पण आणी. बरें करणारा देवच, आणि बरें झाल्यावर थांबावयास व नियम पाळावयास सांगणाराहि तोच.

प्रिय बंधुभगिनींनो, २०२० व २०२१ ह्या सालीं कोरोनाची सांथ आपल्या जालना जिल्ह्यांत फिरली, ती आपण विसरलों नाहीं. तिनें लहानथोर असा भेद केला नाहीं. त्या वेळचे राज्याचे आरोग्यमंत्री श्री. राजेश टोपे ह्याच जिल्ह्याचे, त्यांसहि फेब्रुवारी २०२१ मध्यें तिनें गांठलें. २ जानेवारी २०२१ रोजीं राज्यांतील ज्या मोजक्या जिल्ह्यांत लसीकरणाची रंगीत तालीम झाली, त्यांत जालना होता. १६ जानेवारीस देशभर लस टोचण्यास आरंभ झाला. तेव्हां मंडळीतील भाविकांच्या तोंडून आम्हीं एक बोलणें वारंवार ऐकलें: "मला रोग होऊन गेला, प्रभूनें मला वांचविलें, आतां सुई कशाला? ती घेणें हा त्याच्या कृपेवर अविश्वास नव्हे काय?"

आधीं रोगाचें पाहूं. ज्यास देवी येऊन गेल्या त्यास त्या सहसा पुन्हां येत नसत, हा जुन्या लोकांचा अनुभव खरा होता. परंतु सर्व रोग सारखे नसतात. कोरोनातून उठल्यावर शरीरांत प्रतिकारशक्ति येते, पण ती कोणांत अधिक, कोणांत उणी. काळ लोटतो तशी ती ओसरते, आणि विषाणूहि रूप पालटतो. बऱ्या झालेल्यानें लस घेतली म्हणजे ती शक्ति दृढ होते. म्हणून मे २०२१ मध्यें केंद्र सरकारनें ठरविलें कीं, बरें झाल्यावर तीन महिने थांबून लस घ्यावी. पहिल्या टोचणीनंतर ज्यास रोग झाला, त्यानेंहि दुसरीसाठीं तितकेंच थांबावें. थांबणें म्हणजे टाळणें नव्हे. परंतु शेतीच्या घाईंत कांहींचें थांबणें हेंच टाळणें झालें.

आतां विश्वासाचें. हिज्कीया राजास देवानें आणखी पंधरा वर्षांचें आयुष्य देण्याचें वचन दिलें, तरी त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप घातलाच. वचनानें लेप व्यर्थ ठरला नाहीं, लेपानें वचन खोटें पडलें नाहीं. शिवाय डेऱ्याबाहेरचे ते सात दिवस डेऱ्यांतील माणसांच्याहि हिताचे होते, असें आम्हांस वाटतें. जो स्वतः वांचला, त्यास घरांतील म्हाताऱ्या आईचा विसर पडूं नये.

हाच प्रश्न लेंकरांविषयींहि उठतो: "गोवर येऊन गेला, आतां लस नको." २७ नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या राज्यांत गोवर-रुबेला लसीची मोहीम झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालील मुलांस, पूर्वीं गोवर आलेला असो वा नसो, ती लस द्यावयाची होती. कारण अंगावर उठणारें प्रत्येक पुरळ गोवराचेंच नसतें. आणि गोवर येऊन गेल्यानें रुबेलापासून रक्षण होत नाहीं. गर्भिणीस रुबेला झाल्यास पोटांतील बाळाचे डोळे, कान व हृदय ह्यांस अपाय होऊं शकतो.

तर बंधुभगिनींनो, आजारांतून उठलेल्यानें प्रथम गुडघे टेकून उपकारस्तुति करावी, मग उठून डॉक्टरांकडे किंवा गांवच्या आशाताईंकडे जावें आणि विचारावें, "मीं आतां कोणती लस, केव्हां घ्यावी?" देवानें परत दिलेलें आयुष्य आपल्या एकट्याचें नव्हे. तें जपण्याची सुबुद्धि तो आम्हां सर्वांस देवो. आमेन.