मॅल्फॉयवर ढकलून मोकळे झालात!

पेनं खाली ठेवा आणि इकडे बघा. ‘जादूगारांच्या समाजातला भेदभाव’ या निबंधात जवळजवळ प्रत्येकाने मॅल्फॉयला आणि व्होल्डेमॉर्टला झोडपलं आहे. ‘मडब्लड’ म्हणणाऱ्याला वाईट ठरवायला काय कष्ट पडतात? हॅरी पॉटरचे सातही भाग वाचलेत ना? मग हॉगवर्ट्सच्या स्वयंपाकघरापाशी तुमची लेखणी का अडली?

तिथे शंभराहून जास्त एल्फ, म्हणजे जादूगारांचे घरगडी, बिनपगारी राबतात. तीन वर्षं तिथलं जेवल्यावर चौथ्या वर्षी हर्मायनीला हे कळतं. ती ताट बाजूला सारते, एल्फच्या हक्कांसाठी संघटना काढते. तिची टर कोण उडवतो? रॉन. सभासद व्हायला नकार कोण देतो? हॅग्रिड. तुमची लाडकी माणसं! आणि तुम्ही ‘एल्फना कामच आवडतं’ असं खुशाल लिहून त्यांची बाजू सावरलीत. शरम वाटली पाहिजे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दुसरं काही मागायचं असतं हेच कळू दिलं नाही, त्यांची आवड तुम्ही पुरावा म्हणून पुढे करता? डम्बलडोर डॉबीला आठवड्याला दहा गॅलियन देऊ करतात आणि डॉबी हुज्जत घालून स्वतःचा पगार एका गॅलियनवर आणतो. मुक्त झाल्याचा आनंद असलेला एल्फ हा! बाकीच्यांच्या मनाचं काय झालं असेल?

हॅरीचा धर्मपिता सिरियस, त्याच्याबद्दल तर कुणी चकार शब्द काढला नाही. निर्दोष असताना हा माणूस बारा वर्षं अझ्काबानमध्ये सडला. अन्याय म्हणजे काय ते त्याला कुणी शिकवायला नको होतं. तरी तो आपल्या घरच्या एल्फला, क्रीचरला, पायपुसण्यासारखं वागवतो. तुम्ही मात्र क्रीचरला ‘विश्वासघातकी’ म्हणून निकालात काढलंत. हो, क्रीचर वाईट बोलतो. शुद्ध रक्ताचा तोरा मिरवतो, हर्मायनीला शिव्या देतो. पण जो स्वतः गोड वागत नाही, त्याला न्याय मागायचा हक्क नाही का? खरा पेच इथे होता. तो टाळून तुम्ही पानं भरलीत.

आणि शेवटची लढाई जिंकल्यावर हॅरीच्या मनात काय येतं? क्रीचर सँडविच आणून देईल का! तोच क्रीचर, जो नुकताच त्याच्या बाजूने सुरी घेऊन लढला. हे वाक्य तुमच्यापैकी एकालाही खटकलं नाही, याचा मला सर्वांत जास्त राग आहे.

सोमवारी निबंध पुन्हा लिहून आणायचा. त्यात मॅल्फॉयचं नाव एकदाही दिसता कामा नये. हॅरीबद्दल लिहा.