आकड्यांचा भागाकार

अ‍ॅम्बेसेडर चांगली की फियाट, हा वाद आपल्याकडे वर्षानुवर्षं रंगला. दोन्ही गाड्यांचं उत्पादन थांबून बराच काळ लोटला आहे. आता तो वाद शांतपणे तपासून पाहावा, कारण वस्तूंची तुलना कशी करावी हे त्यातून शिकता येतं.

अ‍ॅम्बेसेडरचं पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचं, ताकद सुमारे ५० अश्वशक्ती. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाटचं, म्हणजे प्रीमिअर पद्मिनीचं, १०८९ सीसीचं, ताकद सुमारे ४०. एवढ्यावर निकाल लागलाच असं वाटतं. पण अ‍ॅम्बेसेडरचं वजन अकराशे किलोंच्या पुढे, तर पद्मिनीचं नऊशेच्या आसपास. ताकदीला वजनाने भागलं की दोघींच्या वाट्याला टनामागे जेमतेम ४५ अश्वशक्ती येते. ४०० सीसीची आघाडी स्वतःचं धूड ओढण्यातच खर्ची पडते.

मग फरक उरतो तो त्या वजनाच्या मोबदल्यात काय मिळतं याचा. अ‍ॅम्बेसेडरला ऐसपैस मागची सीट मिळाली, खड्ड्यांना न जुमानणारा दणकटपणा मिळाला. सरकारी अधिकाऱ्यांचे दौरे आणि कोलकात्याची टॅक्सी ही तिची हक्काची कामं झाली. पद्मिनी लांबीला सुमारे एक फूट कमी, रुंदीलाही आटोपशीर. मुंबईच्या गर्दीतून ती सहज वाट काढायची, म्हणून काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी हे समीकरण २०२३ पर्यंत टिकलं. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असल्याने पुढच्या सलग सीटवर तिघं दाटीवाटीने बसत. बॉनेट उघडलं की कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो सगळं हाताशी. गाडी बंद पडली तर मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचा, पॉइंट पॉलिश पेपरने घासायचा, गॅप लावायचा आणि गाडी रस्त्याला लागायची. ही सोय ग्राहकासाठी फार मोलाची होती, पण तिला तांत्रिक तक्त्यात रकाना नव्हता.

एवढा विचार करूनही ती तुलना अपुरीच होती. परवाना-राज्यात किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं आणि ग्राहक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायचा. दोन्ही गाड्यांचे मूळ आराखडे पन्नाशीच्या दशकातले, एक मॉरिस ऑक्सफर्डचा, दुसरा फियाट ११००चा. मागे पाटे, चारी चाकांना ड्रम ब्रेक, यांत फारसा बदल होत नव्हता. दोघींची तुलना फक्त एकमेकींशीच व्हायची, म्हणून दोघीही पुरेशा वाटायच्या.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. इंजिन अवघं ७९६ सीसीचं. पण वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास, त्यामुळे टनामागे अश्वशक्ती ५० च्या वर. सर्वांत लहान इंजिनाची गाडी सर्वांत चपळ ठरली आणि जुन्या वादातला दमच गेला.

आज विजेच्या गाड्यांच्या जाहिरातीत बॅटरीचा आकडा ठळक छापतात. मोठ्या बॅटरीचं ओझंही गाडीलाच वाहायचं असतं, तेव्हा भागाकार तोच करावा लागतो. आणि त्याहून आधी विचारायला हवं की तक्त्यात नसलेली तिसरी गाडी कोणती, आणि ती तिथे का नाही. स्पर्धकच मोजके ठेवले, तर सुमार वस्तूही विजेती ठरते. यात नुकसान होतं ते पैसे मोजणाऱ्याचं.