गेलं तर काहीच नाही, म्हणे!

‘सर, पण गेलं तर काहीच नाही ना?’ हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस. गेलं नाही, कारण पहिली डिस्क अजून फिरते आहे. त्यात तुझं कर्तृत्व शून्य. ती आज बंद पडली असती, तर तू काय दाखवणार होतास मला? मान खाली घालू नकोस, वर बघ आणि ऐक.

लॅबच्या त्या मशीनवर काय आहे, ठाऊक आहे तुला? धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यापाड्यांवर पायपीट करून तुझ्या आधीच्या पोरांनी केलेली रेकॉर्डिंग. पावरी, भिलीतल्या गोष्टी, लग्नातली गाणी, काठीच्या राजवाडी होळीतला रात्रभरचा ढोल. सांगणाऱ्यांतली काही माणसं आता हयात नाहीत. सरदार सरोवरात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली 33 गावं बुडितात आली. त्या गावांतून उठलेल्या म्हाताऱ्यांचे आवाज आहेत त्यात. डेबियन काय, अर्ध्या तासात पुन्हा टाकता येतं. ती आजी कुठून डाउनलोड करणार आहेस?

आणि तू मला सांगत होतास, ‘सर, दुसरी डिस्क लावलीय, रोज रात्री दोनला आरसिंक चालतं.’ चालतं, खरं आहे. कुठे चालतं ते पाहिलंस कधी? एफएसटॅबमध्ये डिस्कचं नाव लिहिलंस एसडीबी-1. कुणीतरी पेनड्राइव्ह मागे खुपसून ठेवला, वीज गेली, मशीन पुन्हा सुरू झालं आणि कालची एसडीबी आज एसडीसी झाली. ही नावं कायमची नसतात, हे पहिल्या सत्रात शिकवलंय. तेव्हा खिडकीबाहेर बघत होतास. एसडीबी-1 म्हणून पेनड्राइव्ह समोर आला, त्याची फाइलसिस्टीम जुळेना, माउंट फसलं. त्यावर तू घातला होतास ‘नोफेल’. म्हणजे फसलं तरी गप्प राहा, मशीन अडवू नकोस. ते राहिलं गप्प!

आता माउंट झालं नाही म्हणून बॅकअपचं फोल्डर काही नाहीसं होत नाही. ते तिथेच असतं, साधं रिकामं फोल्डर, त्याच पहिल्या डिस्कवर. आरसिंकला काय? अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 1996 मध्ये ते लिहिलं तेव्हापासून ते सांगितल्या जागी फाइल नेऊन ठेवतं. ती जागा कुठल्या डिस्कवर आहे, हे विचारणं त्याचं काम नाही, तुझं होतं. म्हणजे रोज रात्री होम आणि ईटीसीची नक्कल त्यांच्याच डिस्कवर, त्यांच्याच शेजारी. डिस्क मेली असती तर दोन्ही एकदम. डीएफ, स्पेस, डॅश एच. एवढंच टाइप करायचं होतं. मी केलं. पहिली डिस्क 98 टक्के भरलेली, आणि तुझी दुसरी डिस्क त्या यादीत औषधालाही नाही. जागा संपत आली म्हणून मशीन कुरकुरायला लागलं, तेव्हा कुठे हे उघड झालं.

नंदुरबारच्या पथारीवर मिरची वाळत घालणारा व्यापारीसुद्धा आभाळ भरून आलं की उठून बघून येतो. तुला खुर्चीवरून उठायचंही नव्हतं.

‘एरर आली नाही, सर.’ वा! 2017 च्या 31 जानेवारीला गिटलॅबच्या एका इंजिनीअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला. मग बॅकअप शोधायला गेले, तर आवृत्ती जुळत नसल्यामुळे बॅकअप घेणारा प्रोग्राम फसत होता, आणि तसं कळवणाऱ्या ईमेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. सगळे निवांत. सहा तासांपूर्वी एकाने वेगळ्याच कामासाठी स्नॅपशॉट घेतला होता, त्यावर निभावलं. त्या मधल्या सहा तासांतलं गेलं ते गेलंच. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, आणि तू एरर येण्याची वाट बघत बसलास! लॉग शेवटचा कधी उघडला होतास? जाऊ दे, उत्तर मला माहीत आहे.

तुझं पहिलं दिव्यही विसरलो नाही मी. डिस्क एक्सफॅट करून आणली होतीस, ‘घरी विंडोजवरही चालेल’ म्हणून. त्यावर फाइलचा मालक राहत नाही, परवानग्या राहत नाहीत, सिमलिंक राहत नाहीत. आणि आरसिंकला तो ‘डिलीट’चा पर्याय जोडलास, मोठ्या हौसेने. दिवसा कुणी चुकून फोल्डर उडवलं, तर रात्री दोनला तेच फोल्डर दुसऱ्या डिस्कवरूनही साफ. तारखेचं वेगळं फोल्डर कर, ‘लिंक-डेस्ट’ने न बदललेल्या फाइल हार्डलिंक होतात, जागा फारशी लागत नाही. हेही शिकवलंय.

बरं, दोन्ही डिस्क एकाच डब्यात. वर गळलं, शॉर्टसर्किट झालं, चोराने डबाच उचलला, मग? 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली. पाच माणसं गेली, मजल्यांवरच्या फायलींची राख झाली. तिसरी प्रत दुसऱ्या गावात हवी, असं मी म्हणालो तेव्हा पाठीमागून हसलास तू. 29 सप्टेंबर 2010 ला देशातलं पहिलं आधार आपल्या शहादा तालुक्यात, टेंभलीत दिलं गेलं. त्या आधारची डेटा सेंटर एक बंगळूरूला आणि दुसरं थेट मानेसरला आहे, हरयाणात. टेंभलीकरांच्या बोटांच्या ठशांसाठी दोन राज्यं, आणि धडगावच्या म्हातारीच्या आवाजासाठी आपल्याला तळोद्यापर्यंत एक डिस्क नेववत नाही.

आता कामाचं बोलू. वही काढ. एफएसटॅबमध्ये यूयूआयडी लिही, नाव नको. स्क्रिप्टची पहिली ओळ ‘माउंटपॉइंट’ची तपासणी, डिस्क लागलेली नसेल तर तिथेच थांबायचं आणि मला मेसेज आला पाहिजे. डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला ‘सीएचॲटर’ने अधिक-आय लाव, म्हणजे रूटलासुद्धा त्यात काही टाकता येणार नाही. माउंट मात्र होईल, घाबरू नकोस. आणि पहिल्या डिस्कवर साठलेली ती खोटी नक्कल माझ्यादेखत उडवायची, एकट्याने नाही. तुझा हात कुठल्या फोल्डरवर पडेल, याचा मला भरवसा नाही.

शनिवारी कोरी डिस्क घेऊन ये. मी पहिली काढून कपाटात ठेवीन. कोऱ्या डिस्कवर डेबियन टाकायचं, बॅकअपमधून होम परत आणायचं, शा-256 ची बेरीज जुन्या यादीशी जुळवायची, आणि मग काठीच्या होळीची फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून दाखवायची. पॅकेजची यादी कुठे ठेवलीस? ठेवलीच नाहीस ना? मग शुक्रवारी रात्री जाग आणि ती कर. तोवर लॅबची किल्ली माझ्याकडे राहील. ठेव टेबलावर.